आढ्यापासून खाली

घाटकोपरला भटवाडीच्या वर जी टेकडी चढत जाते, तिथल्या बैठ्या घरांत एप्रिल उजाडला की एकच नाव निघायचं, कुंडलिक वाघमारे. ताडपत्री घालणारे मुंबईत पैशाला पासरी मिळतात. कुणीही उठतो, पत्र्यावर निळं प्लास्टिक अंथरतो, चार विटा ठेवतो आणि हात झटकत खाली येतो. जरा वारा सुटला की ते प्लास्टिक तिसऱ्या घराच्या पाण्याच्या टाकीला जाऊन गुंडाळतं. कुंडलिकच्या ताडपत्रीचं असं कधी झालं नाही. तो आधी छप्पर मापायचा, त्या मापाचं एकसंध, बिनजोडाचं पान बनवून आणायचा, त्याची वळकटी आढ्यावर ठेवायचा आणि तिथून अर्धं पान अलीकडे, अर्धं पलीकडे उलगडत खाली आणायचा. जोड नाही म्हणजे पाण्याला दार नाही, असं तो सांगायचा. दर वर्षी सांगायचा, ऐकणाऱ्याला पाठ झालेलं असलं तरी.

स्वतःच्या घरावर पान घातलं की एक परीक्षा असायची. कुंडलिक आढ्यावर बसून बादलीभर पाणी ओतायचा. खाली घरात त्याची मुलगी संघमित्रा मान वर करून उभी असायची. तो वरून विचारायचा, "संघू, गळतंय का?" आणि ती खालून ओरडायची, "कोरडं!" तो आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. तेवढ्यासाठी कुंडलिक कधीकधी गरज नसताना दुसरी बादली ओतायचा. त्याची बायको शकु म्हणायची, नळाला पाणी नाही आणि हा माणूस छपराला आंघोळ घालतोय.

संघमित्रा मोठी झाली, शाळेत शिकवायला लागली, तिचं सम्यकशी लग्न झालं आणि या वर्षी फेब्रुवारीत दोघांनी मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी एक घर घेतलं. खाली दोन खोल्या, वर पोटमाळा, त्यावर जुने गंजलेले पत्रे. पत्रे बदलायचे होते. पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड लागते म्हणून तिलाही बाहेरून पत्रा मारायचा होता. फोनवर हे ऐकता ऐकताच कुंडलिकने मनात मापं घ्यायला सुरुवात केली. पत्र्याखाली काळी जाड ताडपत्री, भिंतीच्या पत्र्यामागे डांबरी कागद. तीस वर्षं लोकांची घरं झाकली, आता पोरीचं झाकायचं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणसाला याहून काय पाहिजे?

रविवारी तो मोजायची टेप खिशात घालून मुलुंडला पोचला, तर घरात आधीच एक जण बसलेला.

"पप्पा, हे सुशांतदादा," संघमित्रा म्हणाली. "सम्यकच्या ओळखीतले. भांडुपला दुकान आहे यांचं, वॉटरप्रूफिंगचं."

सुशांत परब उठून उभा राहिला. बत्तीस वर्षांचा असेल. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात स्वच्छ बूट. स्वच्छ बुटांचा छपरावाला कुंडलिकने जन्मात पाहिला नव्हता. दाराशी त्याची शिडी टेकवलेली होती, ॲल्युमिनियमची, खाली रबरी पायांची, बोटाने उचलावी इतकी हलकी. कुंडलिकची शिडी बांबूची होती आणि ती न्यायला दोन माणसं लागत. आधी त्याला ती शिडी खुपली. माणूस नंतर खुपला.

"काका, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," सुशांत म्हणाला. "ताई सारखं तुमचंच सांगत असतात."

हेही खुपलं.

सुशांतने पिशवीतून तुकडे काढून जमिनीवर मांडले. डांबरी कागद, काळी ताडपत्री, चांदीसारखा चमकणारा फोम, आणि एक पातळ राखाडी कापड. हातात घेतलं तर वाटावं, हे एखाद्या बॅगेचं अस्तर असेल.

"हे मेम्ब्रेन," तो म्हणाला. "पत्र्याच्या खाली हे घालायचं, आणि भिंतीच्या पत्र्यामागेही हेच. बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. आतली वाफ बाहेर सोडतं."

"वाफ जाते तिथून पाणी पण येतं," कुंडलिक म्हणाला. "भोक ते भोकच ना रे."

सुशांतने वाद घातला नाही. संघमित्राने आणलेला चहाचा ग्लास पुढे ओढला, त्याच्या तोंडावर ते कापड ताणून रबर लावलं आणि वर स्टीलची थंड ताटली पालथी घातली. दोन मिनिटांनी ताटली उचलून दाखवली. आतून दवासारखे थेंब जमले होते. वाफ कापडातून गेली होती. मग त्याने कापडावर दोन चमचे पाणी ओतलं. पाणी वरच डुलत राहिलं, खाली चहात थेंब पडला नाही. हाच प्रकार त्याने ताडपत्रीच्या तुकड्याने करून दाखवला. ताटली कोरडी राहिली आणि ताडपत्रीच्या खालच्या अंगाला घाम सुटला.

सम्यकने ताटलीवरून बोट फिरवलं. "भारी आहे यार." मग सासरे समोर आहेत हे आठवून तो म्हणाला, "म्हणजे, मामा, तुम्ही बघा, तुम्हाला काय वाटतं."

कुंडलिकला काय वाटायचं ते वाटत होतं. आयुष्यभर छपरावर उन्हात तळला तो, आणि इथे चहाच्या ग्लासावर एक जण जिंकून चालला होता. "पत्र्याला घाम येतोच," तो म्हणाला. "त्याला गळणं नाही म्हणत."

"पण पप्पा, पुस्तकं ओली व्हायची ना," संघमित्रा सहज म्हणाली. "आपल्या घरात गळायचं नाही कधी. पण ऑगस्टमध्ये फळीवरची वह्या-पुस्तकं फुगायची, भिंतीला बुरशी यायची. मी प्रत्येक पानात वर्तमानपत्र घालून ठेवायचे. आठवतंय? इथे पोटमाळ्यावर मला पुस्तकं ठेवायचीयत. गल्लीतल्या मुली अभ्यासाला येतील. म्हणून म्हटलं, हे बरं वाटतंय."

कुंडलिकला आठवत नव्हतं. त्याला फक्त 'कोरडं' आठवत होतं. पोरगी इतकी वर्षं वर्तमानपत्रं घालत होती आणि आपल्याला पत्ता नाही, हे दुःख करण्यासारखं होतं. पण त्या क्षणी त्याला दुःख झालं नाही, राग आला, आणि तोही परबांच्या या पोरावर. यानेच येऊन पोरीच्या तोंडून ते काढलं. संघू आता सुशांतकडे बघत बोलत होती, मान किंचित वर करून, लक्ष देऊन. ती मान कुंडलिकच्या ओळखीची होती. बादलीच्या वेळी ती तशीच वर व्हायची.

"हेच घालूया मग, दादा," ती म्हणाली.

कुंडलिकने टेप खिशातून काढलीच नाही. निघताना मात्र कुणाचं लक्ष नाही बघून त्या राखाडी कापडाचा एक तुकडा त्याने खिशात घातला.

घरी आल्यावर त्याने तो तुकडा डबड्याच्या तोंडावर बांधला, वर पाणी ओतलं आणि मोरीत ठेवून दिलं. एक दिवस झाला. दुसरा झाला. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी तो मोरीत वाकून डबड्यात बोट घालून बघायचा. डबडं आतून कोरडं ठणठणीत. तिसऱ्या दिवशी त्याने पाण्यात मीठ टाकलं. चौथ्या दिवशी साबण.

"आता रॉकेल ओता," शकु म्हणाली. "मंग माचिस लावा. म्हंजे गळंल."

"माल तपासून घेतोय. पोरीचं घर आहे."

"पोरीच्या घराचा माल पोरीनं तपासला." ती भाकरी थापता थापता म्हणाली. "अवो, तुमाला जळतंय. साधं आहे ते. जळतंय तर जळतंय म्हणा, मोरी कशाला अडवता?"

कुंडलिकने डबडं उचलून बाहेर ओतलं. तिचं खरं होतं आणि ते त्याला कळत होतं. त्याला मत्सर वाटत होता, लहान पोराला वाटावा तसा उघडा मत्सर. या सुशांतच्या शिडीचा, बुटांचा, त्या 'दादा'चा. शिवाय माल खराब असता तर सोयीचं झालं असतं. माल चांगला होता, आणि कारागीर म्हणून ते त्याला नाकारता येत नव्हतं. खोटं बोलायला तरी जागा पाहिजे होती, तीही त्या कापडाने ठेवली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम निघालं. कुंडलिक जाणार नव्हता. शकुने लोणच्याची बरणी आणि कुरड्यांची पिशवी हातात दिली आणि पोरीला पोचवून या म्हणाली, म्हणून गेला. एलबीएस रोडवर बस अर्धा तास अडकली. तो पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सुशांत त्या दिवशी बोरिवलीच्या साइटवर होता. त्याचे दोन कामगार जेवायला गेले होते. भिंतीचं काम झालं होतं. छपरावर राखाडी कापड अंथरून झालं होतं, त्यावर लाकडी पट्ट्या मारायला सुरुवात झाली होती. पत्रे गल्लीत उभे करून ठेवलेले होते, ते दुसऱ्या दिवशी चढणार होते.

"पप्पा, वर जाऊन बघता का?" संघमित्रा म्हणाली. तिच्या केसांत भुसा होता आणि ती खुशीत होती. "शाळेला सुट्टीच आहे. सकाळपासून त्यांच्या मागे उभी आहे मी."

कुंडलिक त्या रबरी पायांच्या शिडीवरून वर चढला. शिडी जराही हलली नाही. वळचणीशी पोचून त्याने छपरावर नजर टाकली आणि एका क्षणात त्याला दिसलं.

कापड दीड मीटर रुंदीचं होतं, त्यामुळे एका उतारावर तीन आडवे पट्टे लागले होते. दोन पट्टे जिथे भेटतात तिथे वरच्या पट्ट्याची कड खालच्यावर यायला हवी, म्हणजे पाणी वरून वरून निघून जातं. इथे उलटं होतं. आधी आढ्याजवळचा पट्टा घातला होता, मग मधला त्याच्यावर चढवला होता, मग खालचा मधल्यावर. प्रत्येक जोडाचं तोंड आढ्याकडे उघडं. पत्र्याच्या स्क्रूमधून, सांध्यांतून जे काही पाणी आत येईल ते घसरत खाली यायचं आणि सरळ त्या तोंडात शिरायचं. कापड कितीही गुणी असलं तरी असं घातल्यावर ते पाणी अडवणार नव्हतं, गोळा करणार होतं. घालणारे नवखे होते, उघड होतं.

दुरुस्ती दोन तासांची होती. पट्ट्या काढायच्या, कापड सोडवायचं, खालून वर घालत जायचं. कुंडलिकने तोंड उघडलं.

"कसं झालंय, पप्पा?" खालून आवाज आला.

तिचा चेहरा वर झाला होता. आणि त्याच वेळी तिच्या हातातला फोन वाजला. "एक मिनिट हां, सुशांतदादा आहेत," ती म्हणाली आणि फोन कानाला लावून हसत बोलायला लागली. "हो दादा, मस्त चाललंय. पप्पा आलेत, ते वर जाऊन बघतायत. हो ना, आता काय टेन्शन."

कुंडलिक शिडीवर तसाच उभा राहिला. त्याच्या मनात जे आलं ते इतकं स्वच्छ आलं की त्याला स्वतःचीच भीती वाटायला हवी होती. गळू दे. एकदा गळू दे. जुलैत झड बसेल, पोटमाळ्यात धार लागेल, तेव्हा या दादाचं शिक्षण, त्याची ताटली, त्याचे बूट सगळं बाहेर येईल, आणि संघू फोन करेल तो आपल्याला.

तिने फोन ठेवला. "हं, सांगा ना. कसं झालंय?"

"झकास," कुंडलिक म्हणाला.

संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याला बरं वाटत होतं. सकाळी उठल्यावर वाटेना. पत्रे दहा वाजता चढायला लागणार होते. सात वाजता त्याने फोन हातात घेतला. साडेआठला पुन्हा घेतला. एक वाक्य बोलायचं होतं, जोड उलटे पडलेत, थांबवा. ते बोललं की सुशांत धावत आला असता, काका तुम्ही वाचवलंत म्हणाला असता, दोन तासांत काम सरळ झालं असतं आणि छप्पर सुशांतचं राहिलं असतं. छान, कोरडं, सुशांतचं. कुंडलिकने फोन उशीखाली ठेवला. साडेदहा वाजल्यावर तो म्हणाला, आता काय, स्क्रू बसले असतील. हे त्याने मोठ्याने म्हटलं, आणि शकुने विचारलं, कुठले स्क्रू, तर काही नाही म्हणाला.

त्यानंतर दोन महिने कुंडलिक ढगांकडे फार बघायला लागला. पाऊस आला, पण तो उभा, सरळ पडणारा. त्याने काही होत नाही हे त्याला माहीत होतं. छपराची परीक्षा तिरका पाऊस घेतो. जुलैच्या मध्यावर पश्चिमेकडून झड बसली आणि तीन दिवस हटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"पप्पा," संघमित्राचा आवाज घाईचा होता. "पोटमाळ्यात पाणी येतंय. तीन ठिकाणी. खालच्या दोन पेट्या भिजल्या, पुस्तकांच्या. तुम्ही येता का?"

"सुशांतला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हालाच लावला."

सांगायला लाज वाटावी, पण कुंडलिकला आनंद झाला. शर्टाची बटणं लावताना त्याचे हात हलके झाले होते. त्याने हातोडी, सुरी, दोरी असं सगळं पिशवीत भरलं. "आधी आपल्यालाच लावला," त्याने शकुला सांगितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "पोरीच्या घरात पाणी शिरलंय आणि तुमी लग्नाला निघाल्यासारखे काय निघालात?" तिने विचारलं. तो पायऱ्या उतरून गेलासुद्धा होता.

मुलुंडला पोचला तर सम्यकने सुशांतलाही बोलावून घेतलेलं. रेनकोट घालून तो राजेश नावाच्या एका कामगाराबरोबर आला होता. पोटमाळ्यात पातेली, बादल्या, डबे मांडलेले होते. भिजलेली पुस्तकं संघमित्राने दोरीवर उघडी टांगली होती, पानापानात वर्तमानपत्र घालून. तिचे हात ते काम न बघता करत होते. सवयीचं होतं.

कुंडलिकने ते पाहिलं आणि सकाळचा आनंद थोडा उतरला. थोडाच. समोर सुशांत होता, आणि सुशांतच्या कपाळावर आठ्या होत्या. ते दृश्य सोडवत नव्हतं.

दुपारी पावसाने उघडीप दिली. सगळे वर चढले. सुशांतने आढ्यालगतच्या एका पत्र्याचे स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि खाली वाकून बघितलं. मग त्याने जोडात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात गेलं.

"राजेश," तो हळू आवाजात म्हणाला. "हे वरून खाली घातलंय? जोड सगळे उलटे आहेत."

राजेशने कान खाजवला. "आम्ही खालून सुरू केलं होतं, शेट. एक पट्टा घातला पण होता. मग ताई बोलल्या, वरून घाला."

"कोण ताई?"

"मी," संघमित्रा म्हणाली. ती शिडीवर उभी होती, डोकं वळचणीच्या वर आलेलं. "मीच सांगितलं, दादा. ते खालून घालत होते. मी म्हटलं, हे चुकतंय. माझे पप्पा आढ्यावरून सुरू करतात, लहानपणापासून बघतेय मी. वर वळकटी ठेवायची आणि खाली उलगडत यायचं. तीस वर्षांत कुणाच्या घरात थेंब पडला नाही. ते ऐकत नव्हते तर मी भांडले त्यांच्याशी. घातलेला पट्टा काढायला लावला." तिने ओठ चावला. "चुकलं का ते?"

सुशांतने ओलं बोट रेनकोटला पुसलं.

"ताडपत्रीला जोड नसतो, ताई," सुशांत म्हणाला. "एकच पान असतं, म्हणून वरून चालतं. याला जोड असतात. खालून वर जावं लागतं. मी इथे असायला हवं होतं, माझी चूक."

"पण पप्पांनी पाहिलं होतं ना," संघमित्रा म्हणाली. ती तक्रार करत नव्हती. ती फक्त आठवून सांगत होती. "त्याच दिवशी दुपारी. वर चढून बघितलं, झकास म्हणाले. म्हणून तर मी निर्धास्त होते. नाहीतर तुम्हाला विचारलंच असतं."

सुशांतने कुंडलिककडे पाहिलं. त्या नजरेत कुठेही बोट दाखवणं नव्हतं. "तोवर पट्ट्या मारून झाल्या असतील, काका," तो म्हणाला. "मग जोड दिसत नाहीत. कुणालाच दिसले नसते."

वाट मोकळी करून दिली होती त्याने. नुसतं 'हो ना' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सम्यकने मान डोलावली असती, राजेश हसला असता, संघूने सुस्कारा टाकला असता आणि चूक तिच्याच पदरात पडली असती. तिने ती घेतलीही असती. मीच म्हटलं होतं, असं सांगत ती पुढची वीस वर्षं हसली असती.

आपल्या हाताचा भरवसा धरून पोरगी सुशांतच्या कामगारांशी भांडली होती. तिने सुशांतचं कापड घेतलं आणि घातलं ते आपल्या बापाच्या रीतीने. तिच्या छपरावर कुंडलिक पहिल्या दिवसापासून होता. आणि तो शिडीवर उभा राहून स्वतःचाच मत्सर करून गेला होता.

"दिसले होते," कुंडलिक म्हणाला.

"काय?" सम्यकने विचारलं.

"जोड. उलटे पडलेत ते मला दिसलं होतं. पट्ट्या अर्ध्याच मारल्या होत्या."

संघमित्रा त्याच्याकडे बघत होती. "मग?"

त्याला सांगायला पुष्कळ काही होतं, फोनबद्दल, शिडीबद्दल, त्या 'दादा'बद्दल. त्यातलं काहीही तोंडात धरवेना. "मला वाटलं, गळू दे," तो म्हणाला. "याचं काम आहे, गळू दे."

ती रडली नाही, रागावलीही नाही. एक पायरी खाली गेली, मग दुसरी, आणि तिचं डोकं वळचणीखाली दिसेनासं झालं.

सुशांतने उगाच खिशातून पाना काढला आणि परत ठेवला. "पाऊस परत यायच्या आत उरकायला पाहिजे," तो म्हणाला. "काका, तुम्ही त्या टोकाला धरता?"

कुंडलिकने धरलं. पत्रे निघाले, पट्ट्या निघाल्या, कापड सुटलं. मग खालच्या वळचणीपासून पहिला पट्टा घातला, त्यावर चढता दुसरा, त्यावर तिसरा, आणि शेवटी आढ्यावरून दोन्हीकडे हातभर लोंबेल असा एक. कुंडलिकने प्रत्येक जोड हाताने दाबून बघितला. सुशांत काम चांगलं करत होता. घाई नव्हती, सुरी सरळ चालत होती, बूट चिखलाने भरले होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी कुंडलिकला तो आवडला असता. अडीच तासांनी पत्रे परत बसले. सुशांत शिडी उतरून मागच्या बोळात भिंतीचा पत्रा तपासायला गेला. राजेश ड्रिलची वायर गुंडाळत होता.

"पाणी टाकून बघूया का?" सम्यकने खालून विचारलं आणि बादली वर दिली.

कुंडलिक आढ्यावर बसला. पत्र्याचा स्क्रू जरा सैल करून त्याने तिथेच बादली रिकामी केली, म्हणजे पाणी कापडापर्यंत जाईल. पाणी सळसळत खाली गेलं, पत्र्याखालून वळचणीपर्यंत आलं आणि पन्हळीत पडलं. खाली पोटमाळ्यात पावलं वाजली. ती तिथे उभी होती, त्याच्या बरोबर खाली.

"संघू," त्याने विचारलं, "गळतंय का?"

उत्तर आलं नाही. त्याने सम्यककडून दुसरी बादली मागून घेतली आणि तीही ओतली, सावकाश, पहिल्यापेक्षा जास्त वेळ लावून. पाणी गेलं. पन्हळ वाजायची थांबली.

"संघू?"

पोटमाळ्यात कुणीतरी एक पातेलं उचलून दुसऱ्यात ठेवलं. मग तिचा आवाज आला, चांगला मोठा, गल्लीला ऐकू जाईल असा.

"सुशांतदादा, कोरडं आहे."

सुशांत मागच्या बोळात होता, त्याला ऐकू गेलं नाही. कुंडलिकने थोडी वाट पाहिली. मग तो आढ्यावरून पलीकडे वाकला आणि त्याला म्हणाला, "कोरडं आहे म्हणतेय ती."